परतीची तारीख

१

सकाळी साडेआठला मी केंद्र उघडतो. आधी खिडक्या, मग पंखा, मग काउंटरखालचा कॉम्प्युटर. तो जागा व्हायला सात मिनिटं घेतो. तेवढ्यात मी आतल्या खोलीत एक फेरी मारून येतो.

आमचं केंद्र म्हणजे मोठ्या दवाखान्यामागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू आम्ही वापरायला देतो. कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, काठ्या, हवेच्या गाद्या. भाडं नाही, अनामत नाही. नाव-पत्ता सांगायचा, वस्तू न्यायची, काम झालं की आणून द्यायची. बाहेरच्या खोलीत काउंटर आणि एक बाक आहे. आतल्या लांबट खोलीत लोखंडी मांडण्या. प्रत्येक वस्तूवर तेलरंगाने घातलेला आकडा, आणि मांडणीवर त्याच आकड्याची जागा. मी फारसा शिकलेला नाही, पण रिकामी जागा दिसली की मला ती वस्तू नेणारा माणूस आठवतो.

वस्तू दोनच तऱ्हेने परत येतात. माणूस बरा झाला तर स्वतः आणून देतो. नाही झाला तर घरचं कोणीतरी आणतं. पहिला हसत येतो, दुसरा बाकावर थोडा वेळ बसतो. मी दोघांनाही पाणी देतो, पावती देतो. एकोणीस वर्षं हेच करतो आहे. यापेक्षा चांगलं काम मला मिळालं नसतं.

माझ्या बायकोचा वॉकरही इथलाच, चव्वेचाळीस आकड्याचा. सहा वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा नेला. आता आधाराशिवाय चालणं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण ती वॉकर घेऊन घरभर फिरते, कुंड्यांना पाणी घालते, माझ्याशी भांडायला या खोलीतून त्या खोलीत येते. सकाळच्या फेरीत चव्वेचाळीसची जागा रिकामी दिसली की मला बरं वाटतं.

२

संस्थेच्या लोकांना वेबसाइट हवी होती. कुठली वस्तू शिल्लक आहे ते लोकांना घरबसल्या मोबाइलवर कळावं म्हणून. माझी नात हेच काम करते. ती सुट्टी काढून आली आणि रविवारी आपला लॅपटॉप माझ्या काउंटरवर मांडून बसली.

"आजोबा, हा डेटाबेस माझे दुधाचे दात पडायच्या आधीचा आहे."

"चालतो की."

"चालतो, पण बोलत नाही. माझं नवं फ्रेमवर्क, म्हणजे ज्याच्यावर वेबसाइट उभी राहणार ते, त्याला विचारतं, तुझं व्हर्जन कुठलं? हा खरं सांगतो. मग ते म्हणतं, एवढ्या जुन्याशी आपण बोलत नाही."

"शिष्ट दिसतंय."

"शिष्टच आहे."

"मग जुन्यालाच नवा कर."

"केला तर हे मशीन मान टाकेल. एकोणीस वर्षांच्या नोंदी आहेत यात."

दिवसभर ती खटपट करत होती. शेवटी दोघांच्या मध्ये तिने एक छोटा प्रोग्रॅम बसवला. याचं त्याला सांगायचं, त्याचं याला. दुभाष्याच म्हणा. संध्याकाळी दोघं बोलू लागले आणि पहिल्याच वाक्याला अडले.

अडले ते माझ्यामुळे. आमचे जुने व्यवस्थापक मला सांगून गेले होते की कुठलाही रकाना मोकळा ठेवायचा नाही. म्हणून वस्तू परत येईपर्यंत परतीच्या तारखेच्या रकान्यात मी आठ शून्यं घालत आलो. जुन्या डेटाबेसने कधी हरकत घेतली नाही.

"शून्य महिन्याची शून्य तारीख," नात म्हणाली. "आजोबा, असा दिवस नसतो."

"अजून आलेला नाही, असा दिवस आहे तो."

ती हसली. "मला पटलं. याला नाही पटत. अशी एक नोंद दिसली की हे सगळंच बंद करतं." मग ती म्हणाली, "उद्या आधी तीनच नोंदींवर करून बघते. शून्यांच्या जागी खरी तारीख घालते. चाललं तर पुढचं."

३

सोमवारी सकाळी तिने कुठल्याही तीन नोंदी घेतल्या आणि त्यांच्यापुढे त्याच दिवसाची तारीख घातली. पान उघडलं. रंगीत चौकोन, मोठी अक्षरं, सगळं सुरेख. ती खुर्चीतल्या खुर्चीत नाचली.

दहाच्या सुमाराला एक रंगारी कुबड्या काखेत मारून आला. शिडीवरून पडून त्याचा घोटा मोडला होता. "घ्या काका, आजपासून तुमचं आमचं वैर," म्हणाला. नातीने पडद्यावर बोट ठेवलं. तिच्या तीन नोंदींपैकी एक त्याचीच होती.

"बघा, माझ्या हाताला गुण आहे," ती म्हणाली.

दुपारी पलीकडच्या औषधांच्या दुकानदाराने हवेची गादी आणली. त्याचे वडील पहाटे गेले होते. तो बाकावर बसला. मी पाणी दिलं. तो गेल्यावर मी पडद्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं नाही. दुसरी नोंद त्या गादीचीच होती. वयस्कर होते, बरेच दिवस अंथरुणाला होते, असं मी मनाशी म्हटलं.

तिसरी नोंद एका काठीची होती, आकडा सत्तावीस. एका निवृत्त पोस्टमनने ती नऊ वर्षांपूर्वी नेली आणि तो गाव सोडून गेला. कुठे गेला कोणालाच माहीत नाही. पाच वाजता बंद करायच्या आधी मी आत गेलो, तर काठी सत्तावीसच्या जागेवर उभी होती.

मागच्या दाराची कडी लावलेली होती. मी चहा प्यायला समोर गेलो होतो खरा. तेवढ्यात कोणी येऊन ठेवून गेलं असेल. नात कानात ते बटण घालून बसली होती, तिला कळलं नसेल. मांडणीवरचा आकडा वाचून बरोबर जागेवर ठेवणं कोणालाही जमेल.

काठी सरळ करायला मी हात लावला. मूठ कोमट होती.

४

मंगळवारी नातीला ऑफिसातून बोलावणं आलं, लगेच निघा म्हणून. तिने घाईघाईत बाकीच्या सगळ्या शून्यांवर एकदम एकच तारीख घातली, दोन दिवसांनंतरच्या गुरुवारची. त्या दिवशी संस्थेची बैठक होती, वेबसाइट दाखवायची होती, म्हणून गुरुवार. नोंदी बदलायच्या कशा ते तिने मला दोनदा दाखवलं. पेन्सिलीच्या चित्रावर बोट, मग तारीख, मग हिरवं बटण. मग माझ्या गालाला गाल लावून ती गेली.

दुपारी कोणी नव्हतं. मी नवं पान बघत बसलो. खाली खाली सरकवत गेलो. एकूण चौऱ्याऐंशी वस्तू बाहेर होत्या. चव्वेचाळीस, वॉकर, पुढे माझ्या बायकोचं नाव. पुढे गुरुवार.

पंखा चालू होता. मला त्याचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

मी अंगारे-धुपाऱ्यांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. रंगारी बरा होणारच होता. दुकानदाराचे वडील जाणारच होते. काठीचं कोणी तरी सांगेल. मी हे सगळं बोटांवर मोजलं आणि नातीला फोन लावला.

"आजोबा, ती खरी तारीख नाही हो. नुसती जागा भरलीय."

"मग मी परत शून्यं घालू?"

"नका! सगळं बंद पडेल. दुसरी कुठलीही घाला."

"कुठलीही?"

"पुढची. पण फार पुढची नको, त्या जुन्या डेटाबेसला बारा वर्षांपलीकडचे दिवस मोजता येत नाहीत. आणि तुम्ही कशाला बसताय? मी शनिवारी येते, सगळ्या एकदम बदलते."

"शनिवारी उशीर होईल."

"कशाला उशीर?"

मागून तिला कोणी तरी हाक मारली. "तुम्ही जेवलात ना?" असं विचारून तिने फोन ठेवला.

मी पेन्सिलीच्या चित्रावर बोट ठेवलं. बारा वर्षं मोजून त्याच्यावर एक दिवस घातला, रकाना लाल झाला. एक दिवस मागे आणला, घेतला त्याने. तोपर्यंत बायको शहाऐंशीची होईल, मी अठ्ठ्याऐंशीचा. बारा वर्षं रोज तिच्या हातचा चहा. यात कुरकुर करण्यासारखं मला काही दिसेना. मी हिरवं बटण दाबलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की अजून त्र्याऐंशी नावं उरली आहेत.

५

बुधवारी मी सातलाच उघडलं.

सगळ्यांना तीच शेवटची तारीख द्यावी असं आधी मनात आलं. सोपं होतं. पण मग डोळ्यांसमोर आलं की बारा वर्षांनी एकाच दिवशी त्र्याऐंशी घरांतले लोक वस्तू घेऊन दाराशी उभे आहेत आणि बाकावर जागा चार जणांची. शिवाय ज्याचं हाड सहा आठवड्यांत जुळायचं, त्याला मी बारा वर्षं कुबड्यांवर ठेवायचं? लवकरची तारीख दिली तर लवकर परत येईल. पण कुठल्या तऱ्हेने परत येईल, याचा रकानाच नव्हता.

अकराला ड्रायव्हर आला. बसचा ड्रायव्हर, वय एकोणतीस, गुडघ्याखाली मोडलेला पाय. घरी बसवत नाही म्हणून दर बुधवारी कुबड्या वाजवत माझ्याकडे येतो.

"काका, आज चेहरा का असा? काकूंनी घराबाहेर काढलं की काय?"

"बस. बोलू नको. काम आहे."

"सगळ्यांनाच काम आहे, मी सोडून." तो बाकावर आडवा झाला. "डॉक्टर म्हणतो बघू. बायको म्हणते बघू. डेपोचा साहेब तेवढा स्पष्ट बोलतो. महिनाअखेरीपर्यंत आला नाहीस तर तुझी गाडी दुसऱ्याला. तुम्हीच एक तारीख द्या, काका. कधी सुटायच्या या कुबड्या?"

नेमकी त्याचीच नोंद पडद्यावर होती. माझं बोट थांबलं.

"तू सांग," मी म्हटलं.

"उद्या! उद्याची घाला." तो हसत होता. "काय झालं? उद्या बंद आहे का?"

"उद्या गर्दी आहे."

"मग परवा."

"गप बस रे."

मी त्याच्या पायाकडे पाहिलं. त्याच्या वयाची माणसं हसत येतात. बहुतेक वेळा. महिनाअखेरीच्या आदल्या दिवसाची तारीख मी लिहिली आणि हिरव्या बटणावर बोट ठेवून बराच वेळ तसाच बसलो. मग दाबलं.

"रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघत जा," मी त्याला म्हटलं.

"आई गेल्यापासून हे कोणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला, आणि जाताना मुद्दाम दोनदा मान वळवून मला दाखवली.

(तो त्या ठरल्या दिवशी सकाळी आला. कुबड्या बंदुकीसारख्या खांद्यावर टाकून, चालत. त्याच्यासाठी भरलेलं पाणी मलाच प्यावं लागलं.)

दिवसभर मी तारखा देत होतो. तरुणांना हाड जुळेल एवढी, म्हाताऱ्यांना रकाना घेईल तेवढी. एका बाईंच्या नावापुढे मात्र अर्धा तास गेला. दोन वर्षं त्या गादीवर पडून होत्या. गादी बदलून द्यायला मी त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्यांनी माझा हात धरून हळू आवाजात मला काही सांगितलं होतं, मुलीला ऐकू जाणार नाही असं. त्यांना मी बारा वर्षं देऊ शकलो नाही. किती दिली ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

पाच वाजता अकरा नावं उरली. ही माणसं कधीच गेलेली होती, मला माहीत होतं. घरच्यांनी वस्तू परत केल्या नाहीत, काहींना घरचं कोणी उरलंच नव्हतं. त्यांना आता कसली तारीख? डोळे चुरचुरत होते. त्या अकरा नोंदी मी गुरुवारवरच ठेवल्या आणि समाधानाने घरी गेलो. इतकी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

६

गुरुवारी मी बायकोला बरोबर घेऊन आलो. तारीख बदललेली होती, तरी तिला त्या दिवशी नजरेआड करायला मन घेईना. टॅक्सी केली.

"माझा वाढदिवस विसरलात, आणि आज काय हे थाट?" ती म्हणाली.

"केंद्र बघ म्हटलं. सहा वर्षांत आली नाहीस."

"कुबड्या बघायला नेणारा नवरा मलाच मिळायचा होता."

तिला मी काउंटरजवळ माझ्या खुर्चीत बसवलं, वॉकर पुढ्यात. तिने पिशवीतून विणकाम काढलं. ऊन खिडकीतून तिच्या मांडीवर येत होतं. बैठक दुसऱ्या इमारतीत होती, इकडे कोणी फिरकलं नाही. मला वाटलं, दिवस असाच जाईल.

साडेअकराला आत आवाज झाला. काठीखालचं रबर फरशीवर टेकतं तसा, मऊ. मग मांडणीचा पत्रा थरथरला. मग पुन्हा रबर.

"कोण आलंय हो आत?"

"कोणी नाही."

"कोणी नाही कसं? ठेवाठेव चाललीय."

मागच्या दाराची कडी मी सकाळी दोनदा तपासली होती. एक खुर्ची ढकलत आणल्याचा आवाज आला. डावं चाक कुरकुरत होतं. ती बारा आकड्याची खुर्ची, मीच त्या चाकाला तेल घालायचो. मी मोजत होतो. सात, आठ. मध्ये बराच वेळ काही नाही. नऊ. दहा. अकरा.

मग आवाज थांबले, पण कोणी गेलं नव्हतं. रिकामी खोली आणि माणसं गप्प उभी असलेली खोली, यांतला फरक कानाला कळतो.

आतलं दार वीतभर उघडं असतं, पूर्ण लागत नाही. मांडण्यांचा खालचा कप्पा जमिनीपासून हातभर उंच आहे. दाराशी वाकलं की त्याच्या खालून पलीकडची भिंत दिसते. मी वाकलो.

पाय होते. अनवाणी, स्वच्छ, धुतल्यासारखे. एकामागे एक, रांगेत. शिंप्याच्या दुकानातल्या एका बाईंचा डावा पाय मी ओळखला. कुबडीची उंची मापायला मी एकदा त्यांच्या पायाशी बसलो होतो. तो पाय आत वळलेला होता तेव्हा. आता सरळ होता. सगळ्यांचेच सरळ होते. घाई कोणालाच नव्हती. कशाची तरी वाट बघत होते, आणि एकोणीस वर्षं हे काम केल्यावर कशाची ते मला कोणी सांगायला लागलं नाही.

मी काउंटरवर आलो आणि अकरा पावत्या फाडल्या. अक्षर वेडंवाकडं आलं. दाराखालच्या फटीतून एकेक आत सरकवली. प्रत्येक पावती थोडा वेळ पडून राही, मग पलीकडून अलगद ओढली जाई. दर पावतीनंतर पायांची एक जोडी मागच्या दाराच्या दिशेने जात होती. टाच, मग बोटं, न लंगडता. कडी वाजली नाही. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्यांना तसं चालताना बघून जे वाटत होतं ती भीती नव्हती.

शेवटचे पाय निघाले आणि थांबले. मागे वळले. त्यांचे अंगठे आता आमच्याकडे होते, मागून अजून कोणी येतंय का हे बघत असल्यासारखे.

"किती छान चालतायत," माझ्या कानाजवळ बायको म्हणाली.

मी वळलो. ती माझ्या मागे उभी होती, थोडी वाकून, दारातून बघत. विणकाम खुर्चीजवळ पडलं होतं. वॉकरही तिथेच होता, आठ पावलं मागे. केंद्रात आणून सोडलेली वस्तू म्हणजे परत आलेली वस्तू. तिचे दोन्ही हात मोकळे होते आणि चेहरा सहा वर्षांत दिसला नव्हता इतका हलका झाला होता. तिने आणखी एक पाऊल टाकलं, दाराकडे. टाच, मग बोटं.

"बघा ना, काही दुखत नाहीये," ती म्हणाली.

मी माझ्या वयाचा माणूस धावत नाही तसा धावलो. वॉकर उचलून आणला, तिच्या आणि दाराच्या मध्ये उभा केला, तिचा हात धरून मुठीवर ठेवला. हात थंड होता आणि सुटायला बघत होता. मी वरून माझा हात दाबून धरला.

"धर."

"अहो, कशाला? मला लागत नाहीये."

"लागतो. धर म्हणतो ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं तिला कोण जाणे. तिने दुसरा हातही आणून ठेवला, आणि सगळा भार वॉकरवर आला तसा तिचा चेहरा आक्रसला. आत फरशीवर काही तरी सरकलं, लांब गेलं. दाराच्या फटीतून मांडण्यांखाली आता नुसती भिंत दिसत होती.

"आई गं," ती म्हणाली. "दुखायला लागलं हो परत."

"दुखू दे," मी म्हणालो, आणि तिच्या पाठीला हात देऊन, एकेक पाऊल, तिला उन्हातल्या खुर्चीकडे घेऊन आलो.